'पीअर'ला मराठीत काय म्हणायचं? उमराव, सरदार की नुसतंच लॉर्ड?

सनलाइट साबणवाल्या विल्यम लिव्हरवर छोटा लेख लिहितेय. बोल्टनच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, मग साबणाचा कारखानदार, १९०६ ते १९०९ विरल मतदारसंघाचा लिबरल खासदार आणि १९१७ साली 'पीअर', म्हणजे ब्रिटिश राजाकडून लॉर्डचा किताब मिळालेला मानकरी. इथे गाडी अडली. कोशात 'उमराव' मिळतो, पण 'साबण विकून उमराव झाला' असं लिहिलं की डोळ्यांपुढे हत्ती आणि अंबारीच येते. दुसरा शब्द आहे का?

—

गंमत बघा. 'उमराव' हे मुळात अरबी 'अमीर'चं अनेकवचन, म्हणजे आपला 'अमीर-उमराव' हा एकवचन-अनेकवचनाचा जोड. त्यातला धातू हुकमाचा आहे. 'पीअर' मात्र लॅटिन 'पार'वरून आला, अर्थ बरोबरीचा. 'पीअर प्रेशर'मधला पीअर तोच! एका शब्दात हुकूम, दुसऱ्यात बरोबरी. तरी इंग्लंडच्या जुन्या जमीनदार घराण्यांपुरता 'उमराव' चालून जातो. लिव्हरसाठी नको.

—

'सरदार' का नको? पेशवाईतले शिंदे-होळकर कर्तबगारीवरच सरदार झाले. इंग्रजी अमदानीतही दख्खनच्या सरदारांची वर्गवार यादी असायची, म्हणजे सरकारने दिलेला मान हा अर्थ त्यात आहेच.

—

सरदार म्हटलं की फौज आली. लिव्हरकडे होतं पोर्ट सनलाइट, १८८८ पासून कामगारांसाठी वसवलेलं गाव! शिवाय सरदाराला कायदेमंडळात आपोआप जागा नव्हती. त्या काळच्या पीअरला ती ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये मिळे, पण खालच्या सभागृहाची, हाऊस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवता येत नसे. मराठी शब्दाला हे ओझं पेलत नाही.

माझं मत, सरळ 'लॉर्ड' लिहा. १९१९ साली सत्येंद्र प्रसन्न सिन्हा पीअर झाले, त्यांना आपण 'लॉर्ड सिन्हा'च म्हणतो. 'उमराव सिन्हा' ऐकलंय कधी? आणि लॉर्ड काही परका नाही, त्याचा 'लाट' करून 'मोठा लाटसाहेब लागून गेलास' असं आपण पोरांना सुनावतोच.

—

पटलं. मग 'कारखानदार, राजकारणी आणि लॉर्ड' असं करते. पण त्याचा किताब 'लिव्हरह्यूम' आहे. हे गावाचं नाव का?

—

नाही, बायकोचं! ती माहेरची एलिझाबेथ ह्यूम. १९१३ मध्ये ती वारली आणि चार वर्षांनी किताब घेताना त्याने तिचं आडनाव आपल्याला जोडलं. आपल्याकडे बायका दोन आडनावं लावतात, इथे नवऱ्याने लावलं. मला हा माणूस तेवढ्यापुरता आवडतो. बेल्जियन काँगोतल्या त्याच्या पामतेलाच्या मळ्यांवर सक्तीची मजुरी होती, तेही लेखात येऊ द्या. १९१७ साली तो बॅरन झाला होता, १९२२ साली व्हायकाउंट झाला, म्हणजे त्याच्या वरची पायरी. या पायऱ्यांचं भाषांतर करत बसू नका.

एक मात्र लिहा: किताब वंशपरंपरागत होता आणि २००० साली नातवाबरोबर संपला. १९५८ च्या कायद्यानंतर सर्रास नेमले जाऊ लागले ते 'लाइफ पीअर'. त्यांच्यासाठी 'तहहयात' हा आपला जुना शब्द चपखल बसतो.

—

'तहहयात लॉर्ड'! वा. आणि उच्चार? मी लिव्हर लिहिते, घरचे विचारतात यकृतावर लेख आहे का.

—

इंग्लंडात 'लीव्हर', ली दीर्घ. पण आपल्याकडे 'हिंदुस्तान लिव्हर' इतकं रुजलंय की दीर्घ केलंत तर संपादक र्‍हस्व करून पाठवतील.