मदत हवी आहे: पिल्लाचे दोन्ही पाय फाकलेत, उभं राहत नाही

पडवीतली कोंबडी (प्रश्न):
घरच्या छोट्या इनक्युबेटरमध्ये गावरान कोंबडीची बारा अंडी होती, त्यातली नऊ फुटली. आठ पिल्लं टणटणीत आहेत, टिपायलाही लागलीत. नववं सगळ्यात शेवटी, बाविसाव्या दिवशी बाहेर आलं आणि ते उभंच राहत नाही. दोन्ही पाय बाजूला फाकतात, पोटावर सरकत फिरतं. चिवचिव जोरात करतं. वय साधारण वीस तास. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली वर्तमानपत्र, वर ६० वॅटचा बल्ब आहे. अजून काही खाल्लेलं नाही, म्हणून ड्रॉपरने पाणी पाजावं का? पायाला पट्टी बांधतात असं ऐकलंय, ती नेमकी कशी?

खुडूक:
ड्रॉपर बाजूला ठेवा आणि वर्तमानपत्र आत्ताच्या आत्ता काढा. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि पहिल्या दिवशीच फाकतात. शेवटी निघालेलं पिल्लू आधीच दमलेलं असतं, त्याला सावरता येत नाही. खाली तरट किंवा जाड सुती कापड ताणून घाला. टॉवेल घातलात तर त्याचे धागे सुटलेले नाहीत ना ते बघा, नखं अडकतात.

मग ऊब. पिल्लाची पावलं तुमच्या गालाला लावा. गार लागली तर ते गारठलंय, आणि गारठलेलं पिल्लू पाय धड असले तरी उभं राहत नाही. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवून ३४ ते ३५ अंश सेल्सिअस बघा. याला बल्बच्या बरोबर खाली ठेवू नका. बाकीची पिल्लं तापलं की बाजूला होतात, याला सरकता येत नाही, जागच्या जागी भाजून निघेल. प्रकाशाच्या कडेला ठेवा.

पाण्याची घाई नको. अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात असतो, त्यावर दोन-अडीच दिवस निघतात. श्वासाचं भोक जिभेच्या अगदी मागे असतं, ड्रॉपरने पाणी ओतलं तर ते थेट फुफ्फुसात जातं. कोमट पाण्यात चोचीचं फक्त टोक बुडवा, ते स्वतः मान वर करून गिळेल. २०० मिली पाण्यात चहाचा एक चमचा गूळ घातला तर चालेल, पण पहिला दिवसच. जास्त गोडाने हगवण लागते.

नळी ते नख:
पट्टी बांधण्याआधी पाय नीट तपासा, कारण तीन वेगळे आजार दिसायला सारखेच दिसतात. पिल्लू तळहातावर पोटावर घ्या, पाय खाली लोंबू द्या.

१. आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो, त्या सांध्याच्या मागून हलकं बोट फिरवा. दोरीसारखी शीर बरोबर मध्ये लागली पाहिजे. सांधा सुजलाय, शीर एका बाजूला घसरलीय आणि पाय पिळल्यासारखा वळलाय, तर पट्टीने फरक पडत नाही. मँगनीज, कोलीन कमी पडलं की हे होतं. शीर जागेवर दाबून बसवली तरी बहुतेक वेळा परत घसरते.
२. बोटं मुठीसारखी आत वळली असतील तर बी २ म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता. कोंबड्यांसाठीच्या काही जीवनसत्त्वांच्या औषधांत फक्त अ, ड, ई आणि बी १२ असतं. ती देऊन उपयोग नाही, लेबलवर बी २ बघूनच घ्या.
३. सांधा चांगला, बोटं सरळ, पाय फक्त खुब्यातून बाहेर पडतायत. हे पट्टीने सुधारतं, पण लवकर हवं. चार-पाच दिवसांनी सांधे तशाच ठेवणीत घट्ट होऊ लागतात.

बेंबीही बघा.

पडवीतली कोंबडी:
तपासलं. सूज नाही, शीर मध्येच लागतेय, बोटं सरळ. बोट लावलं की पंजाने हलकं धरतं. पावलं गार होती, कडेला ठेवल्यावर तासाभरात कोमट झाली. बेंबी जराशी ओली आहे, काळा धागा लोंबतोय.

नळी ते नख:
पकड आहे म्हणजे पायात जीव आहे, काळजी करू नका. बेंबीचा धागा ओढू नका, वाळून पडेल. कापसाच्या काडीने पोव्हिडोन आयोडीन टेकवा. पोट फुगून निळसर झालं किंवा घाण वास आला तर बेंबीत संसर्ग आहे, थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता पट्टी. जखमेवर लावायची साधी हँडीप्लास्ट उभी कापा, दोन अरुंद पट्ट्या होतील, त्यातली एक पुरते. मधली गादी दोन पायांच्या मध्ये येईल अशी धरा. एक टोक नळीभोवती, म्हणजे गुडघ्याच्या खाली आणि पंज्याच्या वर, वळसा देऊन पट्टीलाच चिकटवा. दुसऱ्या पायाला तसंच. दोन पायांत अंतर २ ते २.५ सेंटिमीटर, पाय खुब्याच्या सरळ खाली यायला हवेत. जवळ बांधले तर उभं राहताना कोलमडतं, लांब बांधले तर फाकलेलेच राहतात. नळी आणि पट्टी यांच्यात काडेपेटीची काडी सरकली पाहिजे. अर्ध्या तासाने बोटं निळसर दिसली किंवा सुजली तर सोडा, सैल बांधा. काढताना खोबरेल तेलाचा थेंब लावून गोंद सुटू द्या, ओढलंत तर कातडी निघते.

खुडूक:
पट्टीनंतरचा पहिला तास जपा. पिल्लू धडपडतं, उताणं पडतं आणि तसंच राहिलं तर दगावतं. जुन्या कापडाची छोटी चुंबळ करून वाटीत ठेवा आणि पिल्लू तिच्या मध्ये बसवा, पाय अंगाखाली. दिवसातून चार-पाच वेळा बाहेर काढून, छातीखाली दोन बोटांचा आधार देत, वजन पंज्यावर येईल असं पाचेक मिनिटं उभं करा. माझ्या मते पट्टीइतकंच महत्त्व या उभं करण्याला आहे, आणि नेमकं तेच लोक टाळतात.

उद्यापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) पाण्यात कालवून, त्यात उकडलेल्या बलकाचा चुरा घालून चोचीसमोर ठेवा. नुसत्या तांदळाच्या कणीवर ठेवू नका, त्यात प्रथिनं आणि बी २ दोन्ही अपुरी. पाण्याचं भांडं उथळ, आत खडे, नाहीतर पट्टीसकट बुडेल.

पडवीतली कोंबडी:
बांधली. दोनदा उताणं झालं, आता चुंबळीत बसलंय. पट्टी किती दिवस? बाकीच्यांत सोडू का?

नळी ते नख:
दोन ते चार दिवस. रोज एकदा सोडून, तरटावर दहा मिनिटं बघून, फाकले तर नवी बांधा. सलग चार-पाच पावलं टाकून, थांबल्यावर पाय अंगाखालीच राहिले की बंद. तोवर सगळ्यांत सोडू नका, तुडवतात आणि बोटांना टोचतात. एकटंही ठेवू नका, ओरडून दमतं. खोक्यात जाळी लावून आठांपैकी सगळ्यात शांत पिल्लू सोबतीला द्या. ते टिपतं ते बघून हेही टिपायला लागतं. रोज शेपटीखाली बघा. बसून राहणाऱ्या पिल्लाला तिथे विष्ठा चिकटून वाट बंद होते. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, लगेच कोरडं करून उबेत ठेवा.

अंडं उभं:
पुढच्या खेपेसाठी एक: बाविसावा दिवस म्हणजे तापमान थोडं कमी पडलं असावं, किंवा मध्ये वीज गेली असेल. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश लागतं, दुसऱ्या थर्मामीटरने पडताळून घ्या. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवाल तेव्हाच तळाला खरखरीत कापड घाला आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. पिल्लाचे पाय पहिल्यांदा घसरतात ते तिथेच, खोक्यात येण्याआधी.