सिव्हिल झालंय, आता सस्टेनेबल अर्बन मॅनेजमेंटसाठी माल्मोला जावं का?

कृष्णाकाठचा
मी सांगलीचा. बीई सिव्हिल, एका सल्लागार कंपनीत सांडपाणी प्रकल्पांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करतो. डीपीआर मंजूर होतो, प्लांट उभा राहतो, फीत कापली जाते आणि मग वीजबिलाला पैसे नाहीत म्हणून पंप बंद. डिझाइन पुरे झालं, शहर चालवतात कसं ते शिकायचंय. स्वीडनच्या माल्मो विद्यापीठात सस्टेनेबल अर्बन मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे, इंग्रजीतून. घरचे म्हणतात, त्यापेक्षा एमपीएससी दे. कुणी केलाय का? सिव्हिलवाल्याला झेपतो?

ओरेसुंडपार
मी केलाय. मूळची चिपळूणची, मीही सिव्हिलच. झेपतो, पण पहिले काही महिने डोकं गरगरतं. आपल्याला प्रश्न मिळाला की उत्तर काढायची सवय. इथे आधी विचारतात, हा प्रश्न आहे असं ठरवलं कोणी? आकडेमोड जवळपास नाही. वाचन ढीगभर, आणि वाचलं नसेल तर चर्चेत लगेच उघडं पडतं.

ऑगस्टेनबोर्ग तुला दाखवतीलच. माल्मोतलीच 1950च्या आसपासची कामगार वसाहत. पावसात तळघरं तुंबायची. 1998पासून तिथे छतांवर हिरवळ केली आणि पावसाचं पाणी गटारात न सोडता उघड्या पाटांतून तळ्यांत नेलं. 31 ऑगस्ट 2014च्या ढगफुटीत निम्मं माल्मो पाण्यात होतं, तिथे नुकसान बरंच कमी झालं. सगळे हिरव्या छतांचे फोटो काढतात. खरी गोम वेगळीच आहे. तिथली घरं एमकेबी या कंपनीची, आणि ती कंपनी शहराच्याच मालकीची. छताचा मालक आणि गटाराचा मालक एकाच घरातले! आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवत बसावं लागलं असतं.

दुसरी गोम पैशाची. इथे पगारातला साधारण 32 टक्के कर शहर आणि प्रांताकडे जातो. आपल्या महापालिकांची जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही 2015मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. आता मोठी भिस्त राज्याच्या अनुदानावर. तुझ्या बंद पंपाचं कारण मला या पैशात दिसतं, डिझाइनमध्ये नाही. यावर प्रबंध लिहायचा असेल तर जरूर ये. नुसतं 'युरोपातलं हरित शहर' बघायचं असेल तर इतकी फी भरू नकोस.

फी म्हणजे, युरोपीय संघाबाहेरच्यांना 2011पासून भरावी लागते. अर्ज सगळ्या स्वीडनसाठी एकाच संकेतस्थळावर, मुदत जानेवारीच्या मध्यावर, अर्जाचे 900 क्रोनर. आणि हो, इथल्या पालिकेत नोकरी हवी तर स्वीडिश शिकावंच लागतं. छत्री आणू नकोस, वारा ठेवत नाही.

निवृत्त_नगररचना
घरच्यांचं अगदीच चूक नाही. एमपीएससीच्या सहायक नगररचनाकाराच्या जाहिरातीत पात्रता कोणत्या शब्दांत दिली आहे ते आधी वाच. 'अर्बन मॅनेजमेंट' आणि 'टाउन प्लॅनिंग' एकच, असं छाननीवाला धरेलच असं नाही. माझं सगळं आयुष्य अशा शब्दांच्या काथ्याकुटात गेलं. बाकी ताईंनी पैशाचं लिहिलं ते खरं. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय लिहिले, पण ते त्यांना द्यायचे की नाही हे राज्यावर सोडलं. आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक काढ आणि आस्थापना (म्हणजे पगार वगैरे) व देखभाल-दुरुस्ती एवढी दोनच पानं वाच. झोप उडेल.

चेंबूरकर
टिसचा, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा विचार केलास का? देवनारला अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्सचा मास्टर्स आहे. 1927पासून कचरा घेणारं डंपिंग ग्राउंड जवळच. फील्डवर्कला विमान लागत नाही, आणि अधिकाऱ्यांशी, वस्तीतल्या बायकांशी मराठीत बोलता येतं. माल्मोत हे कुठून आणणार?

कृष्णाकाठचा
ताई, प्रबंधासाठी सांगलीचा विषय घेऊ देतात का? की माल्मोचाच घ्यावा लागतो?

ओरेसुंडपार
मला चिपळूणचा घेऊ दिला. पण मार्गदर्शकाला मराठी येत नाही, त्यामुळे मुलाखती, पालिकेचे ठराव, सभेची इतिवृत्तं, सगळ्याचं इंग्रजी तूच करणार. तो वेळ धरूनच ठरव. चेंबूरकरांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तिथे टिस सरस. अर्ज दोन्हीकडे टाक की. पण निघायच्या आधी सभेच्या इतिवृत्तांच्या प्रती काढून ठेव, इथून फोनवर मागितल्या तर कोणी देत नाही.