'बुश'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, बाबा सांगलीहून आले आहेत. त्यांना सिडनीतल्या पॅरामाटा तलावावर घेऊन गेले होते. १८५६ साली बांधलेलं दगडी कमानी धरण, भोवती घरांची वस्ती आणि मध्ये तिथल्याच मूळच्या झाडांचं 'बुशलँड रिझर्व्ह'. अशा आपोआप वाढलेल्या झाडीला इथे ऑस्ट्रेलियात 'बुश' म्हणतात. निलगिरीची पानं उन्हाला कडा दाखवून लोंबतात, त्यामुळे सावली विरळ. वाटेत बँक्सिया या इथल्याच झाडाचं जुनं, काळं पडलेलं बोंड सापडलं, चिमण्यांच्या चोचींसारखी उघडी तोंडं असलेलं. यातल्या काही जाती वणवा लागून गेल्यावरच बी सोडतात, हे सांगितल्यावर बाबांनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग विचारलं, "पण बुश म्हणजे झुडूपच ना? इथं तर झाडं ताडमाड आहेत." मला उत्तर देता आलं नाही. काय म्हणावं?

— 'झुडपी जंगल' कसं वाटतं?

— नको. आमच्या विदर्भात तो महसुली दप्तरातला शब्द आहे. ऐकणाऱ्याला पडीक, खुरट्या झाडोऱ्याची जमीनच आठवते. साधं 'जंगल' म्हणा की. जंगल म्हटलं की आपण घनदाट समजतो, पण मूळ संस्कृत 'जांगल' म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा मुलूख. आयुर्वेदात जांगल देश आणि पाणथळ आनूप देश असा भेदच केलाय. तुमची ती विरळ सावली जांगलच.

— व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आज बोलताना तो अर्थ कुणाच्या कानाला लागत नाही. मी 'रान' म्हणेन. रानवाट, रानमेवा, रानफूल: न पेरता, न लावता आपोआप उगवलेलं ते रान. वस्तीला लागून असलं तरी चालतं. अरण्य तसं नाही, ते गावापासून लांबच हवं.

— मूळ प्रश्नकर्ती: 'रान' मलाही पटलं होतं. पण बाबांनी फोनवर आईला सांगितलं, "रानात जाऊन आलो," तर तिनं विचारलं, "कुणाच्या?" आमच्याकडे रान म्हणजे शेत!

— मग 'राखीव रान' म्हणा. वनखात्यामुळे 'राखीव' सगळ्यांना कळतो आणि त्यात राखणं आहे. तिथे स्वयंसेवक तण उपटायला जातात ना? तीच राखण.

— मूळ प्रश्नकर्ती: हो, आणि उपटतात ती आपली घाणेरी! सह्याद्रीत माजलेली, मूळची अमेरिकेतली, तीच इथे ओढ्याकाठी. उलट आपल्याकडे बाहेरून आणलेली निलगिरी इथे घरची. म्हणून 'देशी झाडं' म्हणताना जीभ अडखळते. मी 'तिथलीच झाडं' म्हणते. 'राखीव रान' घेतलं. बाबांना आताच सांगते.