मागे ओढलं, म्हणून पुढे गेला

शनीचा चंद्र टेथिस हिच्याच कक्षेत फिरणारे टेलेस्टो आणि कॅलिप्सो हे छोटे चंद्र आज ना उद्या तिच्यावर आदळणारच, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. टेलेस्टो तिच्या 60 अंश पुढे चालतो. तो जवळ येऊ लागला की टेथिस त्याला मागे खेचते. त्याची ऊर्जा घटते, तो शनीकडे किंचित आत उतरतो, आणि आतल्या कक्षेत वेग जास्त! म्हणजे मागे ओढल्यामुळेच तो पुढे निघून जातो. हे टिकायला अट एवढीच, की ग्रह मोठ्या चंद्राच्या साधारण 25 पट तरी जड हवा. शनी टेथिसच्या सुमारे 9 लाख पट जड आहे. शनीच्याच डायोनी या चंद्रामागे चालणारा जेमतेम 3 किलोमीटरचा पॉलिड्यूसेस तर आपल्या 60 अंशांवरच्या बिंदूपासून बराच लांब भटकतो, तरी निसटत नाही.