नव्याने जोडलेल्या संगणकात मेमरीच्या चुका: दोष रॅमचा, बोर्डाचा की सेटिंगचा?

कोथरूडवासी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी घरी पहिल्यांदाच सुटे भाग आणून संगणक जोडला. वडिलांनी आयुष्यभर जमवलेले दिवाळी अंक स्कॅन करून, पाने स्वच्छ करून कायमची जतन करावीत, हा त्यामागचा मुख्य हेतू आहे. सहाशे डीपीआयला ए४ आकाराचे एक रंगीत पान शंभर एमबीच्या आसपास जाते आणि एका वेळी वीस-पंचवीस पाने उघडी ठेवावी लागतात, म्हणून मेमरीत हात आखडता घेतला नाही.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी अशी जुळणी आहे. वेगळे ग्राफिक कार्ड घेतलेले नाही. सुरुवातीला तपकीर गल्लीतील एका दुकानातून डीडीआर५ रॅमचे, ६००० वेगाचे, १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचे किट घेतले. दहा-बारा दिवसांनी मेमरी कमी पडते आहे असे वाटले, तेव्हा त्याच मॉडेलचे दुसरे किट ऑनलाइन मागवून एकूण ६४ जीबी केली. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे मेमरी खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे.

दुसरे किट बसवल्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा निळा पडदा येतो. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', तर कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असा संदेश असतो. परवा मात्र वेगळाच प्रकार घडला. स्कॅन केलेल्या एका अंकाची सेव्हन-झिप फाइल उघडताना 'सीआरसी' चूक (फाइलच्या पडताळणीचा आकडा न जुळण्याची) आली. तीच फाइल लगेच पुन्हा उघडली, तर ती चूक दुसऱ्याच पानावर दाखवली. दुकानातील तंत्रज्ञाने विंडोजची मेमरी तपासणी एकदा चालवून सर्व काही ठीक असल्याचे सांगितले आणि पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून पाहा असे सुचवले. पावसात वीज सारखी जाते-येते म्हणून यूपीएस पहिल्या दिवसापासून आहे. दोष दुसऱ्या किटचा असेल असे मला वाटते. ते परत पाठवण्याची मुदत संपत आली आहे, म्हणून लवकर निर्णय घ्यायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

सर्व्हररूम (प्रतिसाद)

सर्वांत आधी एक विनंती: या संगणकावर स्कॅनिंगचे काम आजच थांबवा. निळा पडदा त्रासदायक असला तरी तो निदान डोळ्यांना दिसतो. बिघडलेल्या मेमरीतून जाताना एखादा बिट उलटला आणि ती फाइल तशीच डिस्कवर लिहिली गेली, तर संगणक त्याविषयी काहीही सांगत नाही. तुमची सीआरसीची चूक नेमके हेच सांगते आहे. डिस्कवरची फाइल बिघडली असती, तर चूक दर वेळी त्याच पानावर आली असती. ती जागा बदलते आहे, याचा अर्थ फाइल वाचताना किंवा उलगडताना मेमरीत गडबड होते आहे. निळ्या पडद्यावरचे संदेश दर वेळी वेगळे असणे हेही त्याच दिशेने बोट दाखवते. ड्रायव्हर सदोष असता, तर बहुधा एकाच ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा आले असते. एसएमपीएस कमी पडत असता, तर संगणक निळा पडदा न दाखवता एकदम बंद झाला असता, आणि तुमच्या जुळणीला ६५० वॉट पुरून उरतात.

आता दुसऱ्या किटविषयी. तुमचा संशय स्वाभाविक आहे, पण तो अजून सिद्ध झालेला नाही. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: नव्या पट्ट्या आल्या आणि पट्ट्यांची संख्या दोनची चार झाली. यांतील दुसरा बदल लहान नाही. या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला मेमरीचा वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना केवळ ३६०० आहे. खोक्यावर छापलेला ६००० हा आकडा एक्स्पो प्रोफाइलचा आहे, आणि एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणे) हे एएमडी स्वतःच सांगते. दोन पट्ट्यांवर हा वेग बहुतेक वेळा मिळतो. चार पट्ट्या लावल्या की प्रत्येक चॅनेलवर (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील वाटेवर) दोन-दोन पट्ट्यांचा भार येतो, तारांवरचा संकेत अस्वच्छ होतो आणि प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला तो वेग पेलत नाही. त्याशिवाय एक किट म्हणजे कंपनीने एकत्र तपासलेली जोडी असते. मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे दोन किटे मिळून चालतीलच अशी हमी कोणीही देत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक फेरीचा निकाल वहीत लिहून ठेवा. प्रथम बायोस अद्ययावत करा. एएम५ (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या) बोर्डांच्या मेमरी सुसंगतीत बायोसमुळे बरीच सुधारणा झालेली आहे. शिवाय २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३० व्होल्टची मर्यादा घालण्यात आली, ती जुन्या बायोसमध्ये नसते. 'व्होल्टेज थोडे वाढवून पाहा' असा सल्ला कोणी दिला तर ही मर्यादा ओलांडू नका. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर ही सोय तपासणीपुरती बंद ठेवा. ती चालू असेल तर बोर्ड आधी केलेली जुळवणीच पुन्हा वापरतो आणि तुम्ही केलेल्या बदलाचा खरा परिणाम कळत नाही. पट्ट्या बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळा राहतो. त्या वेळी बोर्ड मेमरीची नव्याने जुळवणी करत असतो, म्हणून घाबरून वीज बंद करू नका.

त्यानंतर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम घ्या आणि थेट त्यावरून संगणक सुरू करा. विनामूल्य आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या चारही पूर्ण होऊ द्या. विंडोजच्या तपासणीत चूक निघाली तर ती खरी मानावी, पण काही निघाले नाही म्हणून मेमरी निर्दोष ठरत नाही. आधी आत्ता आहे त्याच स्थितीत एक तपासणी करा. मग एक्स्पो बंद करून चारही पट्ट्यांची करा. शेवटी एक्स्पो बंदच ठेवून एकेक पट्टी एकटी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून तपासा. ज्या पट्टीत चूक निघेल ती दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे चौथ्या स्लॉटमध्ये, बसवून पुन्हा तपासा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष आहे. चूक स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड, सॉकेटची पिन किंवा कूलरचा असमान दाब यांचा विचार करावा लागेल. चुकांची संख्या किती यावर घासाघीस करू नका. मेमरीत एक चूकही मान्य नसते.

खोडरबराची गरज नाही. जुन्या, गंजलेल्या दातांवर तो उपाय लोक करत आले आहेत. नव्या पट्टीवर घासल्याने स्थिर विद्युत निर्माण होते आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पट्टी काढून, दोन्ही टोके 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून पुन्हा बसवणे एवढे पुरेसे आहे.

पेठकर (प्रतिसाद)

वरील उत्तराशी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडतो. चूक निघाली की मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो काढा. त्यात वेळ, पत्ता आणि चुकीचा बिट दिसला पाहिजे, आणि शेजारी पट्टीवरचा अनुक्रमांकही दिसेल असे पाहा. दुकानदाराशी बोलताना 'संगणक बंद पडतो' एवढेच सांगितले तर तो विंडोज पुन्हा टाकायला सांगतो. हा फोटो दाखवला तर बोलणे लवकर मिटते. दुसरे असे की एक पट्टी सदोष असली तरी संपूर्ण किट द्यावे लागते, कारण हमी जोडीवर असते. त्यामुळे खोकी आणि बिले वेगवेगळी ठेवा आणि कोणती पट्टी कोणत्या किटमधली हे पट्ट्या काढण्यापूर्वीच लिहून ठेवा. चारही पट्ट्या टेबलावर ठेवल्यावर एकसारख्या दिसतात, आणि घाईत चुकीची जोडी परत दिली जाते.

कोथरूडवासी

तीन दिवस हेच काम केले. निकाल मला स्वतःला अपेक्षित नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो.

बायोस अद्ययावत केल्यानंतरही चार पट्ट्या आणि एक्स्पो चालू या स्थितीत पहिल्याच फेरीत शेकडो चुका आल्या, त्याही सगळीकडे विखुरलेल्या. एक्स्पो बंद केल्यावर वेग आपोआप ३६०० झाला आणि मोजक्याच चुका उरल्या. इथेच थांबावे आणि ३६०० वर समाधान मानावे असा मोह झाला होता, पण 'एक चूकही मान्य नसते' हे वाक्य आठवून पुढे गेलो. एकेक पट्टी ४८०० वेगावर तपासली. एका पट्टीला सुमारे तीन तास लागले. तीन पट्ट्या निर्दोष निघाल्या. चौथीत दोन ठिकाणी चुका आल्या, प्रत्येक फेरीत जवळपास त्याच पत्त्यांवर आणि प्रत्येक वेळी तोच बिट. स्लॉट बदलला तरी चूक त्या पट्टीबरोबरच आली.

ही पट्टी पहिल्या किटमधली आहे, म्हणजे मी जे किट निर्दोष धरून चाललो होतो त्यातली. दुसरे किट घाईने परत पाठवले असते तर सदोष पट्टी माझ्याकडेच राहिली असती. आता तीन शंका आहेत. पहिले दहा-बारा दिवस काहीच त्रास का झाला नाही? आणि त्या दिवसांत मी सहा अंक स्कॅन करून ठेवले आहेत, त्यांचे काय करावे? डीडीआर५ मध्ये चूक दुरुस्तीची सोय असते असे वाचले होते, ती इथे का चालली नाही?

सर्व्हररूम

उत्तम काम केले आहे. तुमच्या संगणकात दोन स्वतंत्र दोष एकमेकांत मिसळले होते. चार पट्ट्यांना न पेलणारा वेग हा एक, आणि सदोष पट्टी हा दुसरा. विखुरलेल्या चुका पहिल्याच्या, ठरावीक पत्त्यावरच्या दुसऱ्याच्या.

पहिल्या दिवसांत त्रास न होण्याचे कारण असे की सदोष पेशी मोजक्याच होत्या. त्या जागी विंडोजचा महत्त्वाचा भाग येत नव्हता, तोवर पडदा निळा होण्याचे कारणच नव्हते. तिथे एखाद्या चित्राचा तुकडा आला असेल तर तो मुकाट्याने बिघडला असेल.

डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक दुरुस्तीची सोय असते हे खरे. प्रत्येक १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवलेले असतात आणि त्यांतून एका बिटाची चूक चिपमध्येच सुधारली जाते. परंतु ही सोय चिपच्या आतपुरती आहे. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवर जे घडते ते तिला कळत नाही, आणि एकाच गटात एकाहून अधिक बिट बिघडले तर ती हतबल होते. सर्व्हरमध्ये वापरतात ती खरी ईसीसी (चूक दुरुस्तीची) मेमरी निराळी; ती पट्टीवर जादा चिपा लावून संपूर्ण वाटेवर लक्ष ठेवते आणि झालेली चूक यंत्रणेला कळवते. दुकानांत या दोन गोष्टी एकच म्हणून सांगितल्या जातात, तेव्हा सावध राहावे.

सहा अंकांबाबत माझे मत कठोर आहे. आधी निर्दोष मेमरीवर विंडोज नव्याने टाका, कारण ती प्रणालीही त्याच सदोष पट्टीतून जाऊन डिस्कवर लिहिली गेली आहे. मग सहाही अंकांच्या झिप फाइलींवर सेव्हन-झिपची चाचणी चालवा. जिथे चूक येईल ती फाइल बाद. जिथे येणार नाही तिथेही निश्चिंत होता येत नाही, कारण पान झिपमध्ये जाण्यापूर्वीच बिघडले असेल तर झिप त्या बिघडलेल्या पानाचीच इमानेइतबारे पडताळणी करते. मूळ अंक हाताशी आहेत, म्हणून शक्य असेल तर सहाही पुन्हा स्कॅन करा. यापुढे प्रत्येक अंक पूर्ण झाला की सर्टयुटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने त्याचा शा-२५६ ठसा (फाइलवरून काढलेला, एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा) काढून वेगळा जपून ठेवा. प्रत दुसऱ्या डिस्कवर नेली की ठसा पुन्हा काढून ताडून पाहा.

६४ जीबी खरोखर हवी असेल, तर ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांचे एकच किट घ्यावे असे मी सुचवीन. दुसरे किट परत करण्याची मुदत अजून शिल्लक आहे ना? निर्दोष असले तरी ते त्यासाठी परत करता येईल.

कोथरूडवासी

फोटो आणि अनुक्रमांक दाखवल्यावर तपकीर गल्लीतील दुकानदाराने फारसा वाद न घालता पहिले किट बदलून देण्यासाठी कंपनीकडे पाठवले. त्याला तीन आठवडे लागतील. दुसरे किट मी ठेवले आहे. सध्या त्याच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये एक्स्पोसह ६००० वर आहेत. मेमटेस्टच्या चार फेऱ्या दोन वेगवेगळ्या रात्री चालवल्या आणि दोन्ही वेळा एकही चूक आली नाही. विंडोज नव्याने टाकले आहे. एका वेळी दहाच पाने उघडायची असे ठरवल्यावर ३२ जीबी पुरते, हेही लक्षात आले. बदली किट आले की ते वेगळे तपासून, धाकट्या भावाच्या संगणकासाठी ठेवणार आहे.

जुन्या सहा अंकांपैकी दोन अंकांच्या झिप फाइली सेव्हन-झिपच्या चाचणीत नापास झाल्या. उरलेल्या चारांपैकी एका अंकात, चूक दाखवली नसतानाही, मुखपृष्ठाच्या खालच्या भागात बोटभर उंचीचा निळसर पट्टा सापडला, जो मूळ छपाईत नाही. त्यामुळे सहाही पुन्हा स्कॅन करायला घेतले आहेत. पहिल्या अंकाची चाळीस पाने काल रात्री झाली आणि त्यांचे ठसे वहीत उतरवून ठेवले.