जो लुईसचे सर्वांत मोठे विजय: तुमची क्रमवारी काय?

नाबाद_१५

बॉक्सिंगमधला हेवीवेट जगज्जेतेपदाचा किताब अमेरिकेच्या जो लुईसइतका सलग कुणाकडेच राहिलेला नाही. २२ जून १९३७ ला जिंकला आणि १ मार्च १९४९ ला निवृत्ती जाहीर करेपर्यंत त्याच्याकडेच होता. मधल्या काळात २५ वेळा राखला. या सगळ्यांतून पहिले पाच विजय निवडायचा प्रयत्न चालू आहे. आत्तापर्यंतची यादी:

१. मॅक्स श्मेलिंग, दुसरी लढत (१९३८)
२. जेम्स ब्रॅडॉक (१९३७)
३. बिली कॉन, पहिली लढत (१९४१)
४. मॅक्स बेअर (१९३५)
५. बडी बेअर, दुसरी लढत (१९४२)

मॅक्स बेअरची लढत किताबाची नव्हती, तरी घेतली आहे. अडतंय दोन ठिकाणी. कॉनविरुद्ध लुईस बारा फेऱ्यांनंतर गुणांवर मागे होता. असा विजय वर धरायचा की खाली? आणि जर्सी जो वॉलकॉटचं काय करायचं? पहिली लढत लुईस हरलाच होता असं मानणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या लढतीत त्याने वॉलकॉटला बाद केलं, पण दहा फेऱ्या फारसं काही घडत नाही. मत सांगाल तर कारणासकट सांगा.

---

डावा_जॅब

श्मेलिंग पहिल्या नंबरवर बरोबर आहे. मात्र श्मेलिंग जर्मन, म्हणून बहुतेक जण त्याचं कारण हिटलरची जर्मनी आणि रेडिओला कान लावून बसलेली अमेरिका असं देतात. ते खरंच आहे, पण रिंगमधलं कारण त्याहून भक्कम आहे.

१९ जून १९३६ ला श्मेलिंगने लुईसला बाराव्या फेरीत बाद केलं. त्याआधी लुईस एकही व्यावसायिक लढत हरलेला नव्हता. श्मेलिंगने त्याची एक खोड हेरली होती. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारल्यावर लुईसचा डावा हात हनुवटीपाशी परत येण्याऐवजी खाली छातीच्या रेषेत यायचा. तेवढ्या वेळात डावा गाल उघडा पडायचा आणि श्मेलिंग जॅबच्या वरून उजवा क्रॉस (मागच्या हाताचा जोरदार ठोसा) सोडायचा. चौथ्या फेरीत लुईस पहिल्यांदा खाली गेला तो त्याच उजव्या हाताने, आणि पुढच्या फेऱ्यांत तेच परत परत होत राहिलं.

दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला यांकी स्टेडियमवर उतरलेल्या लुईसमध्ये दोन फरक होते. ट्रेनर जॅक ब्लॅकबर्नने डावा हात उंचावरूनच परत आणायची सवय लावून घेतली होती. दुसरं म्हणजे लुईसने वाट बघणं सोडलं. श्मेलिंगचा सगळा खेळ प्रतिहल्ल्याचा. समोरचा आधी मारणार, मग हा उजवा काढणार. अशा माणसाला सतत मागे रेटलं की त्याचं वजन मागच्या पायावर अडकतं आणि उजव्या हातात जोरच येत नाही. लढत २ मिनिटं ४ सेकंदांत संपली. श्मेलिंगचा उजवा हात जेमतेम एकदोनदा सुटला.

फिल्म बघताना एका जागी थांबा. श्मेलिंग दोरांवर आहे, उजव्या हाताने वरचा दोर धरलाय आणि अंग अर्धवट वळलंय. लुईसचा उजवा ठोसा त्या वळलेल्या अंगावर, डाव्या कुशीत मागच्या बाजूला बसतो. श्मेलिंगच्या मणक्याचं हाड मोडलं ते त्याच ठोशाने. त्यानंतर तो तीनदा खाली गेला, त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल आत आला, पंच आर्थर डोनोव्हननी तो उचलून बाहेर भिरकावला (न्यूयॉर्कमध्ये टॉवेलला मान्यता नव्हती) आणि लगेच स्वतःच लढत थांबवली.

ज्याने आपल्याला चारी मुंड्या चीत केलं, त्याचं हत्यारच निकामी करून जिंकणं. लुईसच्या कारकिर्दीत याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मला दिसत नाही.

---

तेरावी_फेरी

पहिल्या नंबराबद्दल सहमत. कॉनला मात्र तिसऱ्यावर ठेवलंत ते पटत नाही, दुसऱ्यावर हवा. ‘मागे होता म्हणून विजय कमी’ हा हिशेबच उलटा आहे.

तारीख १८ जून १९४१, मैदान पोलो ग्राउंड्स. लुईस १९९½ पौंड, म्हणजे साधारण ९० किलो. कॉनचं वजन १७४ पौंड जाहीर झालं, ७९ किलोच्या आसपास. खरं वजन त्याहून कमी होतं असंही सांगितलं जातं. त्यात गेल्या सहा महिन्यांतली लुईसची ही सातवी किताबी लढत.

बारा फेऱ्यांनंतरची गुणपत्रकं अशी होती: एकावर कॉन ७-५, एकावर कॉन ७-४ आणि एक बरोबरीत, तिसऱ्यावर ६-६. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेऱ्या मोजायचे, आजसारखे दहा-नऊ गुण नसायचे. पंधरापैकी आठ फेऱ्या झाल्या की पत्रक तुमचं. म्हणजे उरलेल्या तीनपैकी एकच फेरी या दोन पत्रकांवर मिळाली असती, तरी किताब कॉनकडे जात होता. लुईसला एका फेरीची चूकसुद्धा परवडणार नव्हती.

बाराव्या फेरीत कॉनने डाव्या हुकने (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) लुईसला हलवलं आणि तिथेच त्याचा बेत बदलला. तोवर तो काय करत होता ते नीट बघा. दोन-तीन ठोसे, लगेच बाजूला पाऊल, अंतर तोडणं. लुईस छोट्या पावलांनी सरकत यायचा. लांब उडी मारून मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे बाजूला निघणारा माणूस त्याला सापडत नसे. तेराव्या फेरीत कॉन बाजूला जायचाच थांबला. समोर उभं राहून लांबून डावा हुक फिरवू लागला. हुक जितका लांबून येतो तितका वेळ जबडा उघडा राहतो. लुईसचे ठोसे मात्र वीतभर अंतरावरून सरळ रेषेत यायचे, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी हात सोडला तरी आधी पोचणार लुईसचाच. उजवा बसला, मग दोन्ही हातांची सरबत्ती. २ मिनिटं ५८ सेकंदांना कॉन बाद. घंटेला फक्त दोन सेकंद उरली होती.

‘कॉनची चूक झाली म्हणून लुईस वाचला’ हे वाक्य कायम ऐकू येतं. त्या एका चुकीसाठी लुईस बारा फेऱ्या तोल न सोडता, वेडेवाकडे हात न फिरवता तयार राहिला, त्याची किंमत कोण धरणार?

आणि बडी बेअर काढा. बडी साडेसहा फूट उंच, पहिल्या लढतीत (मे १९४१, वॉशिंग्टन) त्याने लुईसला दोरांतून रिंगबाहेर पाडलं होतं, हे मान्य. ९ जानेवारी १९४२ च्या लढतीतली सगळी कमाई लुईसने नौदलाच्या मदतनिधीला दिली, त्याबद्दल त्याचा आदर आहेच. पण पहिल्याच फेरीत लढत संपली. बडीने त्या रात्री एकही प्रश्न उभा केला नाही.

---

न्यूट्रल_कॉर्नर

वॉलकॉटची दुसरी लढत (२५ जून १९४८) पाचांत हवीच. संथ असली तरी.

आधी पहिली. ५ डिसेंबर १९४७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लुईस पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली गेला. पंचांचं पत्रक ७-६-२ (शेवटचा आकडा बरोबरीच्या फेऱ्यांचा) वॉलकॉटच्या बाजूने, दोन्ही जज लुईसच्या बाजूने: ८-६-१ आणि ९-६. निकाल ऐकायच्या आधीच लुईस रिंग सोडून निघाला होता, त्याला थांबवावं लागलं. म्हणून ही लढत मोठ्या विजयांत धरू नये.

वॉलकॉटची युक्ती अशी. पाठ वळवल्यासारखा चार पावलं चालत बाजूला जायचा, मधेच पाय बदलायचा आणि गर्रकन वळून उजवा मारायचा. लुईस सरळ त्याच्या मागे चालत गेला की वळणारा उजवा आयता तोंडावर. पहिल्या लढतीत तेच झालं. दुसरीत लुईसने पाठलाग कमी केला, म्हणून तर लढत संथ वाटते. तरीही तिसऱ्या फेरीत तो एकदा खाली गेलाच. पुढे पंचांनी दोघांनाही लढा म्हणून बजावलं. अकराव्या फेरीत वॉलकॉट एकदा आवाक्यात राहिला, लुईसचा उजवा बसला, आणि मग जे आठ-दहा ठोसे येतात ते १९३८ च्या लुईसचे आहेत. वय ३४, वजन २१३½ पौंड, पाय जड झालेले, ब्लॅकबर्न सहा वर्षांपूर्वीच वारलेला. किताब राखण्याची ही पंचविसावी आणि शेवटची वेळ.

ब्रॅडॉकला दुसरं स्थान फार वर वाटतं. पहिल्या फेरीत ब्रॅडॉकच्या आखूड अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) लुईस खाली बसला, लगेच उठला, आणि आठव्या फेरीत उजव्याने लढत संपवली. जॅक जॉन्सनने किताब गमावल्यावर २२ वर्षांनी पुन्हा कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, म्हणून तो दिवस मोठा. पण ब्रॅडॉक ३२ वर्षांचा होता आणि किताब जिंकल्यापासून दोन वर्षं एकदाही लढला नव्हता. दिवस आणि विजय वेगळे मोजावेत. त्यापेक्षा मॅक्स बेअर वर घ्या. २४ सप्टेंबर १९३५ पर्यंत बेअरला कुणीही बाद केलेलं नव्हतं. लुईसने चौथ्या फेरीत त्याला गुडघ्यावर बसवून दहा मोजून घेतले.

---

नाबाद_१५

पटलं. आता श्मेलिंग, कॉन, वॉलकॉट (दुसरी), मॅक्स बेअर, ब्रॅडॉक असं धरतो. एक शंका आहे. प्रश्न सोडवण्यावरच मोजायचं तर आर्तुरो गोडॉय कुठे बसतो? पहिल्या लढतीत १५ फेऱ्या आणि निर्णयही विभागलेला (पत्रकं एकमताची नव्हती), मग चार महिन्यांत आठव्या फेरीत खेळ खलास. यात नेमकं बदललं काय?

---

डावा_जॅब

चांगला मुद्दा. मी तर त्याला ब्रॅडॉकच्या वर घेईन.

गोडॉय चिलीचा. तो इतका खाली वाकून लढायचा की डोकं लुईसच्या छातीच्याही खाली असे. ९ फेब्रुवारी १९४० ला लुईस त्याच्यावर नेहमीचे सरळ ठोसे मारत राहिला. ते एकतर वरून जात किंवा कवटीवर बसत. कवटीवर मारलं की समोरच्याला फारसं लागत नाही, आपल्या बोटांची हाडं मात्र धोक्यात येतात, मग माणूस हात आखडता घेतो. वर गोडॉय डोकं खुपसून अंगाला चिकटायचा, त्यामुळे हात सोडायला जागाच उरायची नाही.

२० जूनच्या लढतीत लुईसने अपरकट बाहेर काढला. वाकलेल्या माणसाचं तोंड जमिनीकडे असतं, म्हणून खालून वर येणारा ठोसाच त्याला भेटतो. पण हा ठोसा लांबून मारला तर कोपर अंगापासून सुटतं आणि वरून हुक खावा लागतो. लुईस गोडॉयला आत येऊ द्यायचा, अर्धं पाऊल मागे घेऊन जागा करायचा आणि कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवून मारायचा. दोन-चार बसले की गोडॉय डोकं वर काढायचा, आणि वर आलेल्या डोक्यासाठी नेहमीचा उजवा तयारच असायचा. दोन्ही लढतींची फिल्म लागोपाठ लावा आणि फक्त लुईसचं उजवं कोपर बघा.