शब्दचर्चा: ‘मॉडेल’ला प्रतिमान की प्रारूप? आणि ‘रिमूव्ह्ड’ला काय?

प्रश्न: साथरोगांच्या गणितावर लेख लिहितेय. ‘मॉडेल’साठी प्रतिमान, प्रारूप, प्रतिकृती असे तीन शब्द सापडले. शिवाय साथ कशी पसरते ते मांडणाऱ्या एसआयआर मॉडेलमधले तीन गट (ससेप्टिबल, इन्फेक्टेड, रिमूव्ह्ड) मराठीत कसे लिहायचे? शेवटच्याला ‘बरे झालेले’ चालेल ना?

प्रतिसाद: प्रारूप नको हो! नगररचनेत ‘प्रारूप विकास आराखडा’ म्हणजे हरकती-सूचनांसाठी जाहीर केलेला कच्चा आराखडा. प्रारूप मतदार यादीही त्याच जातीची. ‘साथीचे प्रारूप’ वाचलं की आमच्याकडचा माणूस आधी हरकतीची मुदत विचारेल. प्रतिकृती तर गडकिल्ल्यांची.

प्रतिसाद: ‘बरे झालेले’ अजिबात चालणार नाही, आणि कारण थेट मुंबईतलं आहे. हे मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या निबंधात आपलं गणित पडताळलं ते मुंबईच्या प्लेगवर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले आठवडावार मृत्यू घेऊन. (मॅकेंड्रिक डॉक्टर, हिंदुस्थानात नोकरी केलेला. केरमॅकची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती.) त्यांचा युक्तिवाद असा: नोंदलेल्यांपैकी निदान ८० ते ९० टक्के रुग्ण दगावतात, म्हणजे मृत्यूंचा आकडा हाच ‘रिमूव्ह्ड’ होण्याचा वेग धरायला हरकत नाही. त्यावर बसवलेल्या वक्राचं शिखर सतराव्या आठवड्यात येतं, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. त्या माणसांना ‘बरे झालेले’ म्हणणार?

गणिताला एवढंच हवं की हा माणूस आता रोग घेत नाही आणि देतही नाही. मेला की वाचला, समीकरणाला फरक पडत नाही. मी ‘बाद’ लिहितो. खो-खोत गडी बाद होतो, तसा.

जाता जाता: माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या साथीची सावली आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं. सूत्रात मात्र उंदीर नाही. लेखात हे जरूर घ्या.

प्रतिसाद: प्रतिमान चांगला, पण समीक्षेत तो ‘पॅराडाइम’साठीही (विचाराची मूळ चौकट या अर्थाने) वापरतात. म्हणून पहिल्यांदा ‘गणिती प्रतिमान’ असं पूर्ण लिहा. पाठचिकित्सेत (पोथ्या ताडून मूळ पाठ शोधण्याच्या कामात) आम्ही प्रतिमान आणि प्रारूप दोन्ही टाळतो. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या परंपरांची वंशावळ मांडली; आता जीवशास्त्रातल्या रीतीने संगणकावर अशी झाडं काढतात, तरी शब्द वंशावळच.

प्रश्नकर्ती: मग ‘लागण होऊ शकणारे, लागण झालेले, बाद’ असं करते. अक्षरं मराठी करू का? ल, ल, ब होतंय!

प्रतिसाद: दोन ‘ल’ घेऊन समीकरण कसं लिहिणार, ताई? एस, आय, आर राहू द्या.